त्वचेवरचा पापुद्रा



वैशाखात बार्शीत उभं राहून सनस्क्रीनवर बोलायचं, तर आधी रानात राबणाऱ्या बाईचं नाव घेतलं पाहिजे. कांदा काढायला किंवा खुरपायला निघालेली बाई साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवते आणि डोक्याला टॉवेल बांधून पदर कपाळावर ओढून घेते. उन्हापासून बचावाचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. तो शर्ट जिथं संपतो, म्हणजे चेहरा, मान, हाताचे पंजे, तिथून माझा विषय सुरू होतो.

प्रसाधनं अंगावर लावली की त्यांतलं पाणी किंवा स्पिरिट उडून जातं आणि मागे एक पातळ पापुद्रा राहतो. तो धरून ठेवणारी कृत्रिम द्रव्यं, म्हणजे पॉलिमर, त्यांत असतात. ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरांत त्यांची नावं सापडतील: पीव्हीपी, अ‍ॅक्रिलेट्स कोपॉलिमर, व्हीपी/आयकोसीन कोपॉलिमर. जाहिरातीत त्यांचं नावही येत नाही. पण दुपारी चार वाजता चेहऱ्यावर सनस्क्रीन उरलं आहे की घामाबरोबर पदराला गेलं, हे बऱ्याच अंशी तीच ठरवतात.

लावलेलं जागेवर टिकवण्याची ही गरज आपल्या घरात जुनीच आहे. आजीच्या फणेरपेटीत आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा असे, तशी मेणाची एक छोटी डबीही असे. कपाळावर आधी बोटानं मेणाचा गोल ठिपका लावायचा आणि त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. मेणामुळे ते दिवसभर हलत नसे, घामातही टिकत असे. मेण मधमाशीनं बनवलेलं असलं, तरी काम तेच.

माणसानं बनवलेल्या द्रव्यांत पीव्हीपीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मन रसायनज्ञ वाल्टर रेप्पे यांनी १९३० च्या दशकात ते तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना रक्तद्रवाला पर्याय म्हणून ते शिरेतून दिलं गेलं. पुढे ते केसांच्या स्प्रेमध्ये आलं. आधीच्या स्प्रेंमध्ये लाख असे आणि ती धुऊन निघायला त्रास देई. हे पाण्यानं निघून जाऊ लागलं. आज ते तुमच्या घरी नक्की आहे. जखमेवर लावायच्या तपकिरी औषधाची बाटली पाहा, ‘पोव्हिडोन आयोडीन’ असं छापलेलं असतं. पोव्हिडोन म्हणजेच पीव्हीपी. आयोडीनला ते धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून जखमेवर ते पूर्वीच्या टिंक्चरसारखं झोंबत नाही.

नेलपॉलिशचा पापुद्रा नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसाचा किंवा लाकडाच्या लगद्याचा. दादासाहेब फाळके यांच्या काळातल्या चित्रपटांची फीतही याच द्रव्याची होती. हे द्रव्य किती चटकन पेट घेतं ते आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे: जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा ठेवा जळून गेला. म्हणून मुलींना माझं सांगणं, नखं रंगवायची तर गॅसच्या शेगडीपासून लांब बसून.

आता सनस्क्रीन. आपली कातडी गुळगुळीत वाटते, पण भिंगाखाली ती सरी-वरंबा पाडलेल्या रानासारखी दिसते. रानात पाणी सोडलं की ते सरीत साचतं आणि वरंब्याचा माथा कोरडा राहतो. पातळ लोशनचं तेच होतं: खाचेत ते जाड थरात बसतं आणि उंचवटे जवळजवळ उघडे पडतात. ऊन जाळतं ते उंचवट्यांवर.

हिशेब करून पाहा. एसपीएफ ५० म्हणजे त्वचा भाजणाऱ्या शंभर किरणांपैकी दोनच आत जातात. समजा शंभरातली दहा भाग त्वचा उघडी राहिली. त्या दहा भागांतून दहाच्या दहा किरण आत जातील. उरलेल्या नव्वद भागांतून १.८. एकूण ११.८. शंभराला ११.८ नं भागलं, तर हाती येतात साडेआठ. पैसे पन्नासचे दिले आणि संरक्षण साडेआठचं मिळालं! अर्धी त्वचा उघडी राहिली, तर आकडा दोनवर येतो. पॉलिमरचे लांब रेणू एकमेकांत गुंतून थर धरतात, तो उंचवट्यांवरून ओघळू देत नाहीत आणि घामात विरू देत नाहीत. किरण अडवण्याचं काम दुसरी द्रव्यं करतात, पण त्यांना सगळीकडे सारखं पसरवून जागेवर ठेवतात ही. म्हणून ट्यूबवरच्या मोठ्या आकड्याइतकंच मला मागच्या बारीक अक्षरांचं महत्त्व वाटतं.

आणि हात आखडून लावलं, तर कोणताही पॉलिमर मदतीला येत नाही. एसपीएफच्या चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहरा आणि मान धरून साधारण १ ग्रॅम झालं. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा ओढल्या की जवळपास तेवढं होतं. दिवसातून दोनदा लावलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपायला हवी. घराघरांत ती सगळा उन्हाळा पुरवली जाते.

इथं कुणी विचारेल, हे सगळं त्वचेच्या कर्करोगासाठी का? बार्शीनं या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कष्टांतून १९८७ पासून इथं ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, ग्रामीण भारतातली पहिली. गावोगाव फिरून, माणसांशी बोलून गोळा केलेल्या त्या नोंदींत गर्भाशयमुखाचा, स्तनाचा, तोंडाचा कर्करोग ठळक दिसतो. त्वचेचा खूप मागे आहे. आपल्या सावळ्या रंगानं ते संरक्षण दिलेलं आहे. आपल्या बायकांना छळतो तो गालांवरचा वांग. वांग अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतो, आणि तो उजेड साधं सनस्क्रीन अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन अडवतं. आयर्न ऑक्साइड म्हणजे गेरूला लाल करतं तेच. वांग असलेल्या बाईनं पांढरं सोडून हे मागावं.

‘अहो, पण हे प्लॅस्टिक अंगात जात नाही का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. धडधाकट त्वचेतून साधारण ५०० पेक्षा जास्त रेणुभाराचे रेणू आत जात नाहीत. पीव्हीपीचा रेणुभार हजारोंत, लाखांतही असतो. मोठ्या रेणूची मला धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती पॉलिमर बनवताना मागे राहिलेल्या लहान रेणूंची, आणि याचा पुरावा आपल्या बायकांच्या कपाळावर आहे.

मेण-कुंकू गेलं, गंधाची बाटली आली, मग चिकटवायची टिकली आली. काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्या बरोबर खाली, टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उठू लागला. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याचं कारण मांडलं: टिकलीच्या डिंकात सुटं राहिलेलं पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल. रेणुभार अवघा १५०. रंगपेशी ज्या टायरोसीनपासून रंग बनवतात, त्याच्यासारखाच हा रेणू दिसतो. पेशी फसते, त्याला आत घेते आणि मरते. असल्याच एका रसायनानं अमेरिकेत रबरी हातमोजे घालणाऱ्या चामडे-कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडल्याची नोंद १९३९ ची आहे. अर्धशतकाआधीचा इशारा आपल्या कपाळापर्यंत पोचला नाही.

आणि आपल्याकडे कपाळावरचा पांढरा डाग म्हणजे नुसता डाग राहत नाही. ‘कोड फुटलं’ म्हणतात. धाकट्या बहिणीच्या सोयरिकीतही तो आडवा येतो. मग बाई डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावते आणि तोच डिंक जास्त जागेवर लागतो. भगिनींनो, असा डाग दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद करा, कुंकू लावा, आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. वेळेत थांबलं तर अनेकींचा रंग परत भरतो.

धुऊन गेलेल्या पॉलिमरचं काय, हा दुसरा रास्त प्रश्न. युरोपीय संघानं सप्टेंबर २०२३ मध्ये उत्पादनांत मुद्दाम घातल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिककणांवर निर्बंध आणले. धुऊन टाकायच्या प्रसाधनांना २०२७, अंगावर राहणाऱ्यांना २०२९ आणि नखं-ओठांच्या रंगांना २०३५ पर्यंत मुदत दिली. विरघळणारे आणि निसर्गात कुजणारे पॉलिमर त्यातून वगळले. ही विभागणी मला पटते. आपलं सांडपाणी ओढ्याला जातं, तेव्हा पाण्यात काय विरघळतं आणि काय तसंच पडून राहतं, हे आपणही विचारायला हवं.

क्रीमच्या ट्यूबवर घटकांची यादी छापण्याचं बंधन भारतात आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही ते आहे. आता टिकलीचं पाकीट उलटून पाहा. नाव असतं, किंमत असते, सुंदर नक्षी असते. डिंक कशाचा आहे, हे सहसा नसतं. ज्या डिंकानं आपल्या लेकीबाळींचे रंग नेले, त्याचे घटक पाकिटावर छापले जावेत, अशी मागणी बार्शीच्या महिला मंडळांनी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करावी. अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबलावर ठेवला आहे, जाताना सही करून जा.