आतला कौल

(देवस्थानाच्या वार्षिकोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या गोमंतकातील देवस्थानांत कौलप्रसादाची प्रथा पूर्वापार चालत आली आहे. देवाला पाकळ्या लावून गाऱ्हाणे घातले जाते आणि उजवा कौल मिळाला की मनावरचे ओझे उतरते. परंतु कौल मागणाऱ्याला आपला प्रश्न आधी स्वतःच नेमका मांडावा लागतो, हे सहसा ध्यानात येत नाही. तेवढा विचार देव आपल्यासाठी करीत नाही.

मुलाने काय शिकावे, मुलीने कोणता व्यवसाय पत्करावा, वडिलार्जित घर राखावे की विकावे, हे आपण दहा जणांना विचारतो. ज्याला त्या निर्णयासह आयुष्य कंठायचे आहे, त्याला मात्र शेवटी विचारतो. कित्येकदा विचारीतही नाही. अशाने माणसाचा स्वतःवरील विश्वासच खुंटतो.

साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. शालेय शिक्षण बेताचे, घरी माडांची बागायत. बालवयीन वाचकांच्या एका मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांना बौद्ध धर्माच्या अभ्यासाची ओढ लागली. घर सोडण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फसले, ते परत आले. पण ओढ कायम राहिली. १८९९ साली ते पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन घेतले. पुढे काशीस संस्कृत शिकून नेपाळमार्गे सिंहलद्वीप गाठले आणि १९०२ साली तेथे दीक्षा घेतली. कालांतराने कलकत्त्याच्या विद्यापीठातील अधिक वेतनाची जागा सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून, त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले.

या निश्चयाची किंमत घरच्यांनीही मोजली. त्यांनी घर सोडले तेव्हा कन्या तान्ही होती. हे झाकून त्यांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मग लहर कोणती आणि अंतःकरणाचा कौल कोणता, हे ओळखावे कसे? लहर दोन दिवसांत ओसरते. खरी ओढ अपयशानंतरही टिकते. लहरीला जाणकाराचा प्रश्न सहन होत नाही. खरी ओढ भांडारकरांसारख्यांच्या दारी आपण होऊन जाते. आणि तिची किंमत कोणाकोणावर पडणार, याचा हिशेब तिने आधीच मांडावा लागतो.

वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की मुलांना सल्ला अवश्य द्यावा. पण त्याआधी 'तुला स्वतःला काय वाटते?' असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. श्रींच्या चरणी मागणे मागताना विवेकही मागावा, इतके सांगून आपली रजा घेतो.