हृदयाला नव्या वाटा फुटतील का?



अँजिओग्राफीचा अहवाल आला की घरात पहिला प्रश्न निघतो, स्टेंट की बायपास? काही रुग्णांच्या धमन्या मात्र अशा खराब झालेल्या असतात की दोन्ही करता येत नाही. त्यांच्यासाठी १९९० नंतर एक आशा निर्माण झाली. शरीरालाच नव्या रक्तवाहिन्या वाढवायला लावायच्या!

या आशेचं मूळ कर्करोगाच्या संशोधनात आहे. गाठ आपल्याकडे रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्यांवर पोसते, असं बोस्टनच्या ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. पुढे वाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन सापडलं. फोकमन यांना ही वाढ रोखायची होती. त्याच शहरातल्या जेफ्री इसनर यांना ती हवी होती, रक्त कमी पडणाऱ्या पायांत आणि हृदयात. १९९६ साली त्यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. व्हीईजीएफ बनवणारं जनुक दिल्यावर पायात नव्या वाहिन्या दिसल्या. पायाला सूजही आली, कारण व्हीईजीएफमुळे वाहिन्या पाझरतात.

मग हृदयासाठी ‘व्हिवा’ ही चाचणी झाली. रुग्ण १७८. काहींना प्रथिन, काहींना औषध नसलेलं द्रावण. साठ दिवसांनी सगळ्यांना ट्रेडमिलवर चालवलं. प्रथिन मिळालेले पूर्वीपेक्षा सरासरी ३० सेकंद जास्त चालले. आणि औषध न मिळालेले? ४८ सेकंद! चार महिन्यांनी मोठा डोस घेतलेल्यांचं छातीतलं दुखणं थोडं कमी भरलं, एवढंच. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तुलनेला दुसरा गट नसता, तर त्या ३० सेकंदांच्या जोरावर किती हताश घरांनी पैसे ओतले असते!

यश का आलं नाही? एक कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. नळीचा व्यास निम्मा झाला की प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट वाढतो. व्हीईजीएफने मुख्यतः केशवाहिन्या वाढतात, त्यांना धमनीचं काम कसं झेपणार? त्यासाठी स्नायूंच्या भिंतीची, रुंद वाहिनी लागते. तशी होऊ शकतील अशा, धमन्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक जोडवाहिन्या अनेकांच्या हृदयात आधीपासून असतात. मुख्य धमनी हळूहळू अरुंद झाली की त्यांतून जास्त रक्त वाहू लागतं, भिंतींवर त्याचं घर्षण वाढतं आणि त्या रुंदावत जातात. जर्मनीच्या वोल्फगांग शापर यांनी हा अभ्यास आयुष्यभर केला. या रुंदावण्याला आठवडे लागतात. गुठळीनं धमनी अचानक बंद झाली, तर हृदयाच्या स्नायूला तेवढी सवड मिळत नाही.