नाकाची जखम आणि सबुरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्याकडे नाकावरून घराण्याची अब्रू मोजतात, पण नाकाची प्रकृती कोणी विचारीत नाही. माझ्या नाकाचा पडदा वाकडा होता. शस्त्रक्रिया होऊनही श्वास नीट येईना, तेव्हा "लगेच दुसरी करा" असा हट्ट मी धरला. डॉक्टरांनी वर्षभर थांबण्यास सांगितले. मला राग आला. त्यांचे म्हणणे का खरे होते, तेच आज सांगते.

ही विद्या आपल्याला परकी नव्हे. इंग्रजी फौजेतील गाडीवान कावसजी याचे नाक १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैनिकांनी कापले. पुढे पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसविले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीगत छापली. कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली इंग्लंडात याच रीतीने शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराने भुवयांमधली कातडीची अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली होती. तिच्यातून रक्त पोचत राहिले म्हणून नाक जगले. पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली. रक्त पोचले तरच जखम भरते, हे त्यातले मर्म.

जखम झाली की प्रथम रक्त गोठते. पाठोपाठ पांढऱ्या पेशी येऊन जंतू मारतात, मेलेला भाग झाडून काढतात. सूज ही या कामाचीच खूण. मग नवे धागे विणणाऱ्या पेशी येतात. ते धागे आरंभी गोधडीच्या कच्च्या टाक्यांसारखे असतात. ते उसवून पुन्हा पक्के घालण्यास शरीराला कित्येक महिने लागतात. जुन्या व्रणाखाली थर एकमेकांस चिकटलेले असतात, रक्तवाहिन्यांच्या वाटाही बदललेल्या असतात. म्हणून दुसऱ्या खेपेस सूज जास्त दिवस टिकते आणि जखम सावकाश भरते. पहिली सूज पुरती उतरल्याखेरीज दोष कोठे राहिला, हेही नीट कळत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायकांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात धराव्या. पहिली खर्रा. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पडते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी लाजून "खात नाही" म्हटले होते. दुसऱ्या खेपेस खरे सांगितले आणि कित्येक आठवडे आधीच तो सोडला.

दुसरी गोष्ट सिकलसेल. आपल्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि लग्नाच्या मुली असल्या की तो झाकून ठेवतात. भूल देताना प्राणवायू किंवा शरीरातले पाणी कमी पडले, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्त अडते. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांपासून काही लपवू नये. ठाऊक नसल्यास रक्त तपासून घ्यावे.

घरी आल्यावर नाक जोराने शिंकरू नये, खपल्या उकरू नयेत. रक्त थांबेना, ताप आला किंवा एकाएकी सूज वाढली, तर शेजारणीचा सल्ला न घेता दवाखाना गाठावा.

मी तेरा महिने थांबले. आता रात्री तोंड मिटून झोपते. सबुरीचे फळ मिळाले, ते आपल्यापुढे ठेवून रजा घेते.