मोबाईलचा मोडेम : जोडणी आणि जपणूक

घरात संगणक आला, पण दारापर्यंत इंटरनेटची तार काही आली नाही, अशी स्थिती आपल्याकडच्या पुष्कळ खेड्यांत आणि वाड्यावस्त्यांत आजही आहे. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, सातबारा उतरवून घ्यायचा आहे, विजेचे बिल भरायचे आहे, दूरदेशी असलेल्या मुलाशी समोरासमोर दोन शब्द बोलायचे आहेत, पण संगणक आपला मुका बसलेला! अशा वेळी मोबाईलच्या जाळ्यावर चालणारा मोडेम फार उपयोगी पडतो. बोलताना आपण त्याला ‘डोंगल’ म्हणतो. बोटाएवढी ती वस्तू. दुकानदार म्हणतो, “लावा, की झालं चालू.” आणि ती चालू होतेही. परंतु नुसते लावणे निराळे आणि नीट लावणे निराळे. या दोहोंमधल्या हयगयीपायी माणसाची बँकेतली शिल्लक जाऊ शकते. म्हणून हे यंत्र काय आहे, ते कसे जोडावे आणि ते वापरताना काय सांभाळावे, या तीन गोष्टी आज आपण क्रमाने पाहू.

प्रथम नावाचा उलगडा करू. मोडेम हे नाव मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या तुकड्यांतून झाले आहे. संगणकाची भाषा म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांची. ते अंक लहरींवर चढवायचे हे पहिले काम, आणि आलेल्या लहरींवरून ते पुन्हा उतरवून घ्यायचे हे दुसरे. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल कंपनीने काढलेला १०३ क्रमांकाचा मोडेम टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला असे ३०० अंक नेत असे. आजचे डोंगल तेच काम तारेवाचून आणि हजारो पट वेगाने करते.

आता हे मोबाईलचे जाळे म्हणजे काय? सगळा मुलूख लहान लहान घरांत वाटून प्रत्येक घराला आपला टॉवर द्यावा, मधमाशांच्या पोळ्यासारखा, ही कल्पना बेलच्याच प्रयोगशाळेतले अभियंते डी. एच. रिंग यांनी १९४७ साली कागदावर मांडली. या पोळ्यातल्या घराला इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात, म्हणून हा ‘सेल्युलर’ फोन. आपल्या देशात या फोनवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हा या दोन गोष्टी वेगवेगळ्या होत्या. आज त्या एका बोटाएवढ्या यंत्रात एकत्र नांदतात.

मोडेमच्या लहरी आणि रेडिओच्या लहरी या एकाच कुळातल्या, पण त्यांचे स्वभाव वेगळे. रेडिओची मध्यम लहर सुमारे ३०० मीटर लांबीची असते. ती टेकडीला वळसा घालून पलीकडच्या दरीत उतरू शकते. मोडेमची १८०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम १७ सेंटिमीटर लांब, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तिला डोंगर आडवा आला की ती अडते. जांभ्या दगडाची जाड भिंत, पत्र्याचे छप्पर, पावसात ओली झालेली गर्द झाडी, सगळ्यांचाच तिला अडसर होतो. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत “अंगणात रेंज येते, माजघरात येत नाही” ही जी तक्रार असते, तिचे कारण हेच आहे.

तेव्हा जोडणीचे पहिले काम म्हणजे जागा शोधणे. ज्या कंपनीचे कार्ड घ्यायचे, तिचा फोन शेजाऱ्याकडून तासभर मागून घ्या आणि घरभर फिरून पाहा. टॉवरच्या दिशेची खिडकी बहुधा उत्तम ठरते. डोंगल थेट संगणकात खुपसलेच पाहिजे असे नाही. यूएसबीची जोडवायर लावून ते खिडकीत ठेवता येते, मात्र साधी वायर पाच मीटरपेक्षा लांब नसावी. मोडेमच्या माहितीपानावर लहरीचा जोर उणे आकड्यात दिलेला असतो. उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या पलीकडे गेला तर काम रडतखडत चालणार. आणखी एक ध्यानात ठेवा. लहर क्षीण असली की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी मोडेमला जास्त जोर लावावा लागतो, तो वीजही जास्त ओढतो आणि तापतो. साध्या यूएसबी खाचेतून जेमतेम अर्धा अँपिअर वीज मिळते. एकाच खाचेला फाटे फोडून त्यावर चार वस्तू लटकवल्या तर मोडेम मधूनच बंद पडतो, आणि आपण दोष देतो कंपनीला.

रेंज नाही म्हणून काही लोक बाजारातून ‘बूस्टर’ आणून बसवतात. सरकारी परवानगीवाचून असा बूस्टर बसवणे कायद्याने मना आहे, आणि त्याने आसपासच्या साऱ्यांचे फोन बिघडतात. नुसती बाहेरची अँटेना लावायची सोय काही मोडेमना असते, त्याला हरकत नाही. मात्र आभाळ गडगडू लागले की अँटेनाची आणि विजेची, दोन्ही वायरी काढून ठेवा.

जागा ठरली, आता कार्ड. नवे सिमकार्ड एकदम मोडेममध्ये घालू नका. आधी ते साध्या फोनमध्ये घालून रिचार्ज झाला आहे ना, नेट चालते ना, हे पाहा. तिथेच त्याला कुलूप लावा. सिमकार्डाला स्वतःचा एक पिन असतो, तो फोनच्या सेटिंगमधून सुरू करता येतो. मग ते कार्ड चोरून कोणी दुसऱ्या यंत्रात घातले तरी पिनवाचून चालत नाही. पण जपून बरं का! हा पिन तीन वेळा चुकला की कार्ड अडते आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक मागते. तोही दहा वेळा चुकला की कार्ड कायमचे निकामी होते. म्हणून कार्डाबरोबर आलेला कागद घरच्या कागदपत्रांत ठेवा.

त्यानंतर कार्ड मोडेममध्ये आणि मोडेम संगणकात. जुन्या धर्तीचे डोंगल प्रथम एखाद्या तबकडीसारखे दिसते आणि आपला प्रोग्रॅम बसवायला सांगते. नवे मोडेम कसलाच प्रोग्रॅम न बसवता आपोआप जोडले जातात. प्रोग्रॅम लागलाच तर तो मोडेम बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. कुठल्याशा अनोळखी पानावरून ‘फुकट ड्रायव्हर’ उतरवणे म्हणजे वाटेवरच्या माणसाला घराची किल्ली देणे होय. जोडणी झाली, पण पान उघडत नाही, असे झाले तर एपीएन नावाची नोंद तपासा. तुमची माहिती कंपनीच्या कोणत्या दारातून इंटरनेटवर जायची, त्या दाराचे हे नाव. बीएसएनएलचे ‘बीएसएनएलनेट’, जिओचे ‘जिओनेट’. बहुधा ते आपोआप भरले जाते. न भरल्यास कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून भरावे.

इथवर झाली जोडणी. आता जी गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती सांगतो. या मोडेममध्ये जे कार्ड आहे, ते एक संपूर्ण मोबाईल क्रमांक आहे. त्याला घंटी नाही, पडदा नाही, म्हणून तो फोन वाटत नाही एवढेच. पण त्यावर संदेश येतात. मोडेमचे जे माहितीपान आपण संगणकावर उघडतो, त्यातच पुष्कळदा ‘मेसेज’ असा एक कप्पा असतो, आणि त्यात आलेले सारे संदेश वाचता येतात.

आता विचार करा. घरात एक जुने कार्ड पडून होते, बँकेला दिलेला क्रमांक त्याचाच होता. काटकसर म्हणून तेच कार्ड मोडेममध्ये घातले. मोडेमच्या पानाचा पासवर्ड विकत घेतला तेव्हा ‘अ‍ॅडमिन’ होता, तो तसाच राहिला. वायफायचा पासवर्ड शेजारच्या चार मुलांना ठाऊक झाला. म्हणजे बँकेचा ओटीपी ज्या पेटीत पडतो ती पेटी आपणच ओसरीवर उघडी ठेवली! दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. एखादा भामटा खोटी कागदपत्रे देऊन तुमच्याच क्रमांकाचे दुसरे कार्ड काढतो. त्या क्षणी तुमचे कार्ड बंद पडते आणि पुढचे सारे ओटीपी त्याच्याकडे जातात. कार्ड तुमच्या खिशातल्या फोनमध्ये असेल तर फोन मुका झालेला तासाभरात ध्यानात येतो. तेच कार्ड मोडेममध्ये असेल तर आपण म्हणतो, “आज नेट गेलंय, उद्या येईल.” आणि उद्यापर्यंत खाते रिकामे झालेले असते.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, मोडेमसाठी स्वतंत्र कार्ड घ्या. बँक, आधार, गॅसजोडणी यांना दिलेला क्रमांक मोडेममध्ये कधीही घालू नका. स्वतंत्र कार्डाला महिन्याकाठी थोडे पैसे पडतील, परंतु ती त्या शिदोरीची राखण समजा. आणि हे कार्ड स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ओळखपत्रावर घ्या. दुसऱ्याच्या नावचे घेऊ नका, आपल्या नावचे दुसऱ्याला देऊ नका. त्या कार्डावरून जे घडेल त्याची विचारपूस प्रथम तुमच्याकडे होईल. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. २०२३ साली ते सुरू झाले. तिथे अनोळखी क्रमांक दिसला तर तिथूनच तक्रार करता येते.

कार्डानंतर कुलपे. मोडेमच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, तो संगणकात घालून माहितीपान उघडा आणि पहिल्याच दिवशी दोन पासवर्ड बदला, एक त्या पानाचा आणि दुसरा वायफायचा. ते एकसारखे नसावेत. आपले नाव, जन्मसाल, गाडीचा क्रमांक यांतले काही त्यात नसावे. परस्परांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द सलग लिहिले तर ते लक्षात राहतात आणि ओळखायला कठीण जातात. वायफायच्या संरक्षणाचा प्रकार विचारला तर डब्ल्यूपीए-३, ते नसेल तर डब्ल्यूपीए-२ निवडा. जुना डब्ल्यूईपी हा प्रकार २००१ सालीच फोडला गेला आहे. मोडेम जुन्या बाजारातून घेतला असेल तर त्याचे बारीक बटण दाबून तो मूळ स्थितीत आणल्याखेरीज वापरू नका.

संगणकाचीही थोडी तजवीज हवी. नवे जाळे जोडताना विंडोज विचारते, हे जाळे खाजगी की सार्वजनिक? ‘पब्लिक’ म्हणजे सार्वजनिक असे सांगा, म्हणजे तुमचा संगणक इतरांपासून झाकलेला राहतो. फायरवॉल बंद करू नका. संगणकाच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्या. विंडोज १० ला नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे, तेव्हा तो वापरणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीचा विचार करावा.

पण याच दुरुस्त्या नेटचा साठा गुपचूप खाऊन टाकतात, हेही खरे. समजा, तुमच्या योजनेत रोजचा दीड जीबी साठा आहे आणि तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने एक जीबीची दुरुस्ती उतरायला जवळजवळ ३५ तास लागतील! आणि अर्जाची शेवटची तारीख आजच असली, तर? यावर उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये हे जाळे ‘मीटर्ड’ आहे अशी नोंद करा, म्हणजे संगणक मोठ्या वस्तू आपणहून उतरवणार नाही. मग आठवड्यातून एक दिवस ठरवून, साठा शिल्लक असताना, दुरुस्त्या स्वतः उतरवून घ्या. रोज झाडलोट करतो तशी आठवड्याची ही झाडलोट.

इतके करूनही कोणी फसवलेच तर? कंपनीतून बोलतो असे सांगून कोणी ओटीपी मागील, तुमच्या संगणकाचा पडदा त्याला दिसेल असे एखादे अ‍ॅप बसवायला सांगेल. खरी कंपनी ओटीपी विचारत नाही. फोन खाली ठेवा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा मदत क्रमांक तात्काळ फिरवा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. पहिल्या तासात तक्रार गेली तर तो वाटेत अडवता येण्याचा संभव पुष्कळ असतो, दोन दिवसांनी गेली तर फार थोडा.

श्रोतेहो, ज्या वाटेने आपण जगाकडे जातो, त्याच वाटेने जगही आपल्याकडे येते. त्यात सोयरे येतात तसे चोरही येतात. म्हणून काही कोणी घराला दारच ठेवायचे नाही असे करत नाही. मोडेम जरूर लावा, मुलांना शिकू द्या, घरबसल्या कामे करा. फक्त कार्ड वेगळे, पिन लावलेला, आणि दोन्ही पासवर्ड बदललेले, एवढी तीन कामे पहिल्या दिवशी उरका. अर्ध्या तासाचे काम आहे. ते ज्याने केले, त्याने दुकानदाराचे ते “झालं चालू” खरे करून दाखवले असे म्हणता येईल.