पेटीतील जुनी वस्त्रे

(आळेफाटा येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलण्याविषयी विचारले तेव्हा एखादा भारदस्त विषय निवडावा असे त्यांचे मनोगत दिसले. परंतु शिक्षण, उद्योगधंदा, वधूवरांचे प्रश्न यांवर आमच्याहून अधिकारी वक्ते या मांडवात बसलेले आहेत. आम्ही जन्मभर गज, कात्री आणि सुई हातात धरून कापडच हाताळले. तेव्हा कापडावर बोलावे हेच आम्हांस शोभेल. तेही दुकानातील नव्या ताग्यांविषयी नव्हे. आपल्या घरोघरी पेटीच्या तळाशी पैठण्या, शेले, पासोड्या, दुलया, पलंगपोस, सोवळ्याचे कद, बाळंतविड्यातील कुंच्या-टोपडी पडून असतात. ती ओळखावीत कशी, कोणाकडून घ्यायची झाल्यास घ्यावीत कशी आणि राखावीत कशी, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम घरातलीच एक गोष्ट सांगतो. आमच्या आजीचा एक जरीकाठी शेला होता, आजोबांच्या लग्नातला. आजी वारल्यावर दुसऱ्याच वर्षी आईने तो बोहारणीस दिला आणि बदल्यात स्टीलचे एक पातेले व दोन वाट्या घेतल्या. फाट्यावर उतरून डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन आळ्याच्या आळीआळीतून फिरणाऱ्या त्या बायका आपणांपैकी पुष्कळांना आठवत असतील. आईला आम्ही दोष देत नाही. घरात सहा मुले होती, कल्हईला पैसे नव्हते, स्टील तेव्हा अपूर्वाईचे होते आणि शेल्याला दोन ठिकाणी भोके पडली होती. ते पातेले आजही आमच्या घरी आहे. शेल्याचे मात्र काय झाले असेल, हे धंद्यात पडल्यावर आम्हांस कळले. खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार चपटी करून, तीवर सोन्याचे पाणी देऊन, ती रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली असते. असे वस्त्र जाळले की रेशीम राख होते आणि चांदीचा गोळा हाती उरतो. महाराष्ट्रातील किती तरी पैठण्या आणि शालू अशा रीतीने सोनाराच्या मुशीत गेले.

आई अखेरच्या आजारात असताना एके दिवशी तिने विचारले, "अरे, सासूबाईंचा शेला कुठे ठेवलास?" दिल्याचे ती विसरून गेली होती. आम्ही म्हणालो, "पेटीत आहे." तेव्हापासून जुने वस्त्र दिसले की ते उलगडून पाहण्याची सवय आम्हांस जडली.

आता खरेदीविषयी. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार येथे जुनी वस्त्रे मिळतात, आणि विकणारा प्रत्येक वस्त्रास 'पेशवेकालीन' ही पदवी बहाल करतो. पेशवाई संपली १८१८ साली. रासायनिक रंगांचा आरंभ झाला तो १८५६ साली, पर्किन नावाच्या इंग्रज तरुणाने जांभळा रंग प्रयोगशाळेत काढला तेव्हा. कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली ती १८९७ साली. तेव्हा झगझगीत जांभळ्या अथवा गुलाबी काठाचे लुगडे कोणी नानासाहेबांच्या काळातले म्हणून पुढे केले, तर हसून खाली ठेवावे. पैठणी असेल तर पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरील मोर, मुनिया, आसावली यांचे रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणलेले असल्याने उलट आणि सुलट बाजू जवळजवळ सारखीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ते निराळे विणकाम होय. जरीचा एखादा सुटा धागा नखाने उलगडावा. आत रेशीम आणि वर चांदी असेल तर ती काळवंडते. तांब्यावर मुलामा असेल तर लालसर अथवा हिरवट छटा दिसते. आणि आजकालची प्लॅस्टिकची जर तर उलगडतच नाही. मात्र विकणाऱ्याच्या परवानगीवाचून धागा ओढू नये. जुन्या वस्त्राचा एक धागा निघाला की त्याच्या शेजारचे चार सैल होतात.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा घडीची. वस्त्र उजेडासमोर धरावे. घडीच्या रेषेवर उजेड पाझरत असेल तर ते विरले आहे असे समजावे. ते पाहण्यासाठी घेता येईल, नेसण्यासाठी नव्हे. लोहाच्या खारात रंगवलेला काळा धागा सर्वांच्या आधी कुजतो, हेही ध्यानात असू द्यावे. नक्षीची काळी रेघ तेवढी झडली आहे आणि बाकीचे रंग शाबूत आहेत, असे जुन्या कापडांत पुष्कळदा दिसते.

परंतु बाजारातील खरेदीपेक्षा आम्हांस अधिक अवघड वाटते ती घरातून होणारी खरेदी. काही वर्षांपूर्वी ओतूरच्या बाजूची एक विधवा बाई आमच्याकडे सासूचा शालू घेऊन आली. मुलीच्या शिक्षणाची फी भरायची होती. तिला कोणी जरीच्या वजनावर भाव सांगितला होता, आणि तोच योग्य समजून ती आणखी थोडे मिळावेत एवढ्याच अपेक्षेने आली होती. शालू उत्तम होता. आम्हीही वजनावर थोडे चढवून दिले असते तर ती आम्हांस दुवा देत गेली असती, आणि तो मोह आम्हांस झाला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. आम्ही तिला सांगितले की याची किंमत चांदीत नाही, विणकामात आहे. ती अमुक आहे. एवढे पैसे आमच्यापाशी त्या दिवशी नव्हते, ते दोन हप्त्यांत दिले. आणि शालू कोणाचा, कोणत्या लग्नातला, कोणत्या गावचा, हे तिच्याकडून विचारून एका कागदावर लिहून घेतले. हा कागद वस्त्राबरोबर असलाच पाहिजे. पेटीतल्या कापडावरून ते कोणाचे हे सांगणारे माणूस एकदा गेले की मागे केवळ चिंधी उरते. पुढे त्या मुलीच्या लग्नात शालू एक दिवसासाठी तिला दिला. तो खांद्यापाशी थोडा फाटून परत आला. देऊ नये होता असे घरातले म्हणतात. आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.

जुने म्हणजे रेशमीच, असाही समज नसावा. जुन्नर-आंबेगावची निम्मी घरे एके काळी मुंबईवर चालत. गिरणीत, गोदीत, बाजारात राबणारी माणसे माळशेज घाटातून गावी येत, तेव्हा पिशवीत लाँगक्लॉथचा तुकडा, मलमल, चादर असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्यांपैकी बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. ज्या चादरीच्या कोपऱ्यावर गिरणीचा शिक्का अजून वाचता येतो, ती चादर आता पैठणीइतकीच परत न मिळणारी आहे. तो कोपरा कापून पायपुसणे करू नये, एवढीच विनंती. सुती कापड नीट राहिले तर फार टिकते. दासोपंतांनी ज्या पासोडीवर लिहिले ती चारशे वर्षांनंतरही अंबाजोगाईस जतन केलेली आहे. आणि पासोडी म्हणजे काही राजवस्त्र नव्हे, थंडीत अंगावर घ्यायचे जाड सुती पांघरूण.

राखण्याविषयी बोलताना आमचा एक अपराध आधी सांगितला पाहिजे. आजीची एक गोधडी होती, पाच लुगड्यांचे थर देऊन धावदोऱ्याने शिवलेली. एके उन्हाळ्यात आम्ही ती सोड्याच्या पाण्यात भिजवून यंत्रात घातली. बाहेर निघाली तेव्हा आतील थरांचे गोळे झाले होते आणि वरचे कापड पोकळ पिशवीसारखे लोंबत होते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने असे करावे यास काय म्हणावे!

रेशीम आणि लोकर ही प्राणिज. त्यांस सोडा आणि खार खातो. कापूस वनस्पतिज, त्यास आम्ल खाते. म्हणून गंजाच्या डागावर लिंबू चोळण्याची जी रीत आहे तिने डाग जातो, पण पुढे त्याच जागी भोक पडते. जुने सुती कापड धुवायचेच असेल तर आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा बोळा दाबून पाहावा. रंग उतरला तर धुण्याचा विचार सोडावा. न उतरल्यास रिठ्याच्या पाण्यात, थंडच, न चोळता बुडवून ठेवावे. आपल्या भागातील बोअरचे पाणी जड असते, त्याचा खार धाग्यात बसतो. शेवटचे पाणी पावसाचे मिळाले तर फार उत्तम. पहिल्या पावसाने कौले-पत्रे धुऊन निघाल्यानंतरच्या पागोळ्या धराव्यात. ओले वस्त्र काठाला धरून उचलू नये. खाली मच्छरदाणीचा तुकडा घालून त्यासकट उचलावे, आणि चादरीवर पसरून सावलीत वाळवावे. जरीच्या रेशमाला घरी पाणी लावूच नये. त्यावर अत्तर नको, इस्त्री नको.

खळ घातलेले कापड पेटीत ठेवू नये, कारण कसर खळीसाठी येते आणि कापडही कुरतडून जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. लोखंडी पेटीला आतून धुतलेल्या जुन्या धोतराचे अस्तर द्यावे, लाकडी पेटीलाही द्यावे. घडीत तेच धोतर गुंडाळून घालावे म्हणजे रेषा तीक्ष्ण पडत नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी फिरवावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, सर्व वस्त्रे काढून सावलीत वारा द्यावा. कडुनिंबाचा पाला, वेखंड यांची पुरचुंडी ठेवावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. डांबराच्या गोळ्या वापरल्याच तर कापडास लागू न देता वरच्या थरावर ठेवाव्यात, त्यांची वाफ जड असते व खाली उतरते. घोंगडी अथवा लोकरी शाल यांत अळी आढळली तर संग्रहालयांत एक नवी युक्ती करतात : वस्त्र पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे कडक थंडीत ठेवतात. आम्ही घरच्या डीपफ्रीजरमध्ये हे केले. सूनबाई मटार काढावयास गेल्या आणि घोंगडी हाती लागली, त्यावरून झालेली चर्चा येथे सांगण्यासारखी नाही. अळ्या मात्र मेल्या.

फाटलेल्यास रफू करताना एवढेच पाहावे की दोरा कापडाहून बळकट नसावा. आजचा टेरिलीनचा दोरा जुन्या रेशमाला सुरीसारखा कापतो. मागून धुऊन आकसलेले मऊ मलमल लावून त्यावर विरलेला भाग टेकवावा, हे काम आपल्या ज्ञातीतील वृद्ध हातांना अजून येते. तरुणांनी ते त्यांच्यापाशी बसून शिकावे, कारण रफूचे चांगले कारागीर पुण्यातसुद्धा शोधावे लागतात.

ज्यांच्या घरी राखणारे कोणी उरले नसेल त्यांनी संग्रहालयाचा विचार करावा. डॉ. दिनकर केळकर यांनी घरोघर हिंडून दिवे, भांडी, वस्त्रे गोळा केली, दिवंगत पुत्र राजा याचे नाव त्या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो सारा शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यात तो कोणासही पाहता येतो. तेथे आपल्या आजीच्या घरातल्यासारखी एखादी वस्तू दिसते, तेव्हा मनुष्य काचेपाशी उगाच थांबतो.

वेळ बराच झाला, जेवणाची पाने मांडली आहेत. आम्ही तो शालू, आणि गोधडीचे जे उरले ते, शेजारच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर पसरून ठेवले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी जेवणाआधी यावे, हात धुऊन पुसून यावे, आणि भगिनींनी बांगड्या-अंगठ्या जपाव्यात. ज्यांनी घरून एखादे वस्त्र आणले असेल त्यांनी तेही आणावे. कागद आणि पेन तेथे ठेवले आहे, ते कोणाचे हे आधी लिहून घेऊ.