आजींच्या ओवीखालचा घूं-घूं आवाज

दुधनीहून आम्ही सहा जणी बोलतोय. आजचा विषय आहे हेडफोनला लावायचा ॲम्प्लिफायर. नाव ऐकून लग्नाच्या मांडवातला तो जड डबा डोळ्यांपुढे आला असेल. आमच्याही आला होता, आणि तिथेच आम्ही फसता फसता वाचलो.

झालं असं. गल्लीतल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही रेडिओसाठी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. आमचं गाव कर्नाटकाच्या वेशीवरचं, त्यामुळे आजींची एक ओवी मराठीत, तर दुसरी कन्नडमध्ये. मध्येच रेल्वेची शिट्टी झाली तेवढी सगळ्यांनी ऐकली आणि तो भाग परत घेतला. आमच्याकडे हेडफोन चांगला होता. गटातल्या एकीचा भाचा पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यानं आपला जुना दिला होता : बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा. मोबाइलला लावला, आवाज पूर्ण वाढवला, तरी आजी लांबून बोलल्यासारख्या. आम्ही म्हटलं, वय झालंय, आवाज बारीक असणारच.

चार दिवसांनी भाच्यानं तेच रेकॉर्डिंग त्याच्या यंत्रावर ऐकलं. प्रत्येक ओवीखाली घूं-घूं. पलीकडच्या खोलीतला फ्रिज! आम्हाला तो ऐकूच आला नव्हता. आणि आजी तोवर लेकीकडे कलबुर्गीला गेलेल्या.

मग आम्ही ॲम्प्लिफायर शोधायला निघालो. दुकानदार म्हणाला, “ताई, ५०० वॅटचा घ्या, गाव हलेल.” आम्हाला गाव हलवायचं नव्हतं. आमचा हेडफोन सोसतो फार तर १०० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा दहावा भाग. मांडवातल्या डब्याला जोडला असता तर आतली केसाएवढी तार जळाली असती, आणि कानाचं काय झालं असतं ते वेगळंच. हेडफोनसाठी वेगळा, तळहाताएवढा ॲम्प्लिफायर मिळतो.

पण तो घेण्याआधी हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे वाचा. पहिला ओहमचा. शेतातल्या पाइपासारखं समजा. नळी जाड असली तर थोड्या दाबानं पाणी येतं, बारीक असली तर मोटारीनं दाब द्यावा लागतो. १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन म्हणजे जाड नळी, बहुतेक वेळा मोबाइलवर नीट चालतो. २५० किंवा ३०० ओहम म्हणजे बारीक नळी. तिथे दाब, म्हणजे व्होल्ट, जास्त लागतात. दुसरा आकडा डेसिबलचा : एका मिलिवॅटमध्ये हेडफोन किती मोठा वाजतो. आमचा ९६ डेसिबलचा. हा आकडा मोठा असेल तर थोड्या शक्तीत भागतं. काही कंपन्या मात्र हा आकडा एका व्होल्टला देतात. तेव्हा त्यापुढे मिलिवॅट लिहिलंय की व्होल्ट, ते बघूनच तुलना करा.

भाच्यानं हिशोब करून दिला. १० डेसिबल वाढवायला शक्ती दहापट लागते. हळू आवाजातलं रेकॉर्डिंगही स्पष्ट ऐकू यावं म्हणून आमच्या हेडफोनला २५ मिलिवॅट पुष्कळ झाले, आणि त्यासाठी अडीच व्होल्ट लागतात. मोबाइल साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतो. म्हणून विचारायचं ते असं : “२५० ओहमवर किती मिलिवॅट?” दुकानदार ३२ ओहमचा आकडा सांगेल, तो मोठा दिसतो. आपल्या हेडफोनचाच आकडा मागा. आणखी एक विचारा, ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुटचा अडथळा किती ओहम. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ च्या आत, आमच्या हेडफोनला ३० च्या आत.

तुमचा हेडफोन ३२ ओहमचा असेल आणि मोबाइलवर स्वच्छ ऐकू येत असेल, तर गटाचे पैसे मोडूच नका. हे आम्ही विकणाऱ्याच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही! फोनला हेडफोनचं भोकच नसेल तर चार्जिंगच्या जागी लागणारा छोटा डाँगल येतो. त्यात आकड्यांचा आवाज करणारा भाग आणि छोटा ॲम्प्लिफायर दोन्ही असतात. आम्ही थोडा मोठा, यूएसबीवर चालणारा घेतला. लाइट गेली तरी पॉवरबँकवर चालतो, आणि भिंतीच्या प्लगातून येणारी गुणगुण त्यात येत नाही. घेताना आजींचंच बिघडलेलं रेकॉर्डिंग दुकानात लावून पाहिलं. ज्यावर फ्रिज साफ ऐकू आला, तो घेतला. दुकानदार चक्रावला.

एक सांभाळा. हेडफोन कानाला लावण्याआधी ॲम्प्लिफायरचं बटण शून्यावर आणा, मग हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानते, ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास.

आजी दिवाळीला आल्या. आम्ही फ्रिज बंद केला, हेडफोन लावला, दोन मिनिटं नुसती खोली ऐकली. एकीनं हात वर करून थांबवलं : भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. ते अंगणात नेऊन ठेवलं. आजी म्हणाल्या, “झालं का गं तुमचं? पीठ कधी पडायचं?” आणि जातं ओढलं.