पुळणीवरचे सिंह

फुटबॉल म्हटला कीं हिरवेंगार मैदान, खिळ्यांचे बूट आणि नव्वद मिनिटांचा अवधि हेंच चित्र बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या खेळाचें एक धाकटें भावंड आहे. त्यास हिरवळ लागत नाहीं, बूट लागत नाहींत, आणि छत्तीस मिनिटांत त्याचा निकाल लागतो. तें म्हणजे पुळणीवरील फुटबॉल, अर्थात् बीच सॉकर. ब्राझीलमधील रिओ शहराच्या पुळणींवर तो हौसेनें खेळला जात असे. १९९२ सालीं त्याचे नियम बांधले गेले, आणि २००५ सालीं फीफा या जागतिक संस्थेनें त्याची विश्वचषक स्पर्धा आपल्या हातीं घेतली.

प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून पांच खेळाडू, सारेच अनवाणी. मैदान सुमारें ३६ मीटर लांब व २७ मीटर रुंद. बारा बारा मिनिटांचे तीन डाव. बरोबरी या खेळास मान्य नाहीं. तीन मिनिटांच्या जादा वेळांतही निकाल न लागल्यास पेनल्टीचे फटके ठरलेलेच. वाळूवर चेंडू सरळ घरंगळत नाहीं. पावलांनीं पडलेल्या खळग्यांत तो अडतो, नाहीं तर भलतीकडे उसळतो. म्हणून जाणता खेळाडू चेंडू जमिनीवर फार वेळ ठेवीतच नाहीं. तो चवड्यानें उचलून हवेंतल्या हवेंत साथीदाराकडे धाडतो, आणि साथीदार पाठीवर झोंकून देऊन डोक्यावरून लाथ हाणतो. गवतावर क्वचित् दिसणारा हा फटका येथें नित्याचा आहे.

आफ्रिका खंडांतील राष्ट्रांची या खेळाची अजिंक्यपदाची स्पर्धा २००६ सालीं सुरू झाली. पहिला मान कॅमेरूननें मिळविला. नायजेरियानें २००७ व २००९ सालीं बाजी मारली. परंतु या स्पर्धेचा इतिहास मुख्यतः एकाच देशाचा आहे, तो म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील सेनेगल. २००८ पासून २०२४ पर्यंत त्यानें आठ वेळां अजिंक्यपद पटकाविलें. गवतावरील आफ्रिका चषक या देशाच्या हातीं प्रथम आला तो २०२२ च्या फेब्रुवारींत. तोंवर वाळूवरील सहा अजिंक्यपदें त्याच्या पदरीं पडलेलीं होतीं.

मात्र या स्पर्धेंतील खरी जिवावरची झुंज अंतिम सामन्यांत नसते, उपांत्य सामन्यांत असते. कारण विश्वचषकाचीं द्वारें अंतिम फेरी गांठणाऱ्या दोन संघांसच उघडतात. तिसऱ्यास कांहीं नाहीं. बलाढ्य देशास ही केवळ एक संधि असते, पण लहान देशास तेवढ्या छत्तीस मिनिटांवर जगाच्या नकाशावर आपलें नांव उमटवावयाचें असतें. २०१५ सालीं सेशेल्स बेटांवर मादागास्करनें साक्षात् सेनेगलला अंतिम सामन्यांत नमविलें. २०२४ सालीं ईजिप्तमधील हुरघादा येथें, वाळवंटानें व्यापलेला मॉरिटानिया सेनेगलकडून हरला खरा. पण अंतिम फेरी गांठल्यामुळें २०२५ च्या विश्वचषकांत त्यानें प्रथमच पाऊल ठेविलें.

सेनेगलच्या यशाचें मूळ त्याच्या किनाऱ्यांत शोधावें लागतें. राजधानी डाकार हें तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेल्या भूशिरावर वसलें आहे. ओढून ठेवलेल्या रंगीबेरंगी होड्यांच्या आजूबाजूस सायंकाळीं तरुणांचे ताफे धांवतात, कसरत करतात, चेंडू खेळतात. या देशाची लोकप्रिय कुस्तीही वाळूवरच चालते. तांबड्या मातींत पोसलेल्या मराठी मल्लांस तिचें मर्म सहज कळेल. महागडी मैदानें नसलीं तरी दमदार पाय तेथें फुकट घडतात. २०२१ च्या ऑगस्टमध्यें मॉस्को येथील विश्वचषकांत याच पायांनीं खुद्द ब्राझीलला जादा वेळांत पांच विरुद्ध चार गोलांनीं पराभूत केलें. ज्या देशानें हा खेळ जगास दिला, त्यासच वाळूवर खालीं पाहावयास लावणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु ज्या वाळूनें हें वैभव दिलें, तीच आज सुरक्षित राहिलेली नाहीं. २०२१ सालीं ही आफ्रिकेची स्पर्धा सेनेगलमधील साली या गांवीं भरली व यजमानांनीं ती जिंकली. त्याच सालीची पुळण समुद्रानें वर्षानुवर्षें कुरतडली होती. जागतिक बँकेच्या साह्यानें दगडी बांध घालून आणि नवी वाळू पसरून ती सावरावी लागली. उत्तरेस सेंट लुई येथें तर कोळ्यांचीं राहतीं घरें लाटांनीं पाडलीं. त्यांत इमारतींसाठीं किनाऱ्यावरील वाळू चोरून नेणाऱ्यांची भर पडते.

स्पर्धेपुरती वाळू गाड्यांतून आणून ओततां येते, आणि पुष्कळ नगरांत तसें करतातही. पण कोळ्याचा मुलगा शाळा सुटल्यावर अनवाणी ज्या पुळणीवर धांवत सुटतो, ती गाडींतून येत नाहीं. सेनेगलचा पुढचा खेळाडू तिच्यावरच घडावयाचा आहे. म्हणून तेथील किनारा राखणें हें मच्छीमारांच्या पोटाइतकेंच त्या देशाच्या या आवडत्या खेळाचेंही काम आहे.